टाच टेकवू नको

मे महिन्याचा पहिला आठवडा. सांगलीजवळच्या एका शाळेच्या खो-खोच्या मैदानाकडेला एक वडील मोटारसायकल लावून लिंबाच्या सावलीत उभे होते. मुलगी आठवी-नववीतली असेल. आणखी सातजणींबरोबर ती मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांना जोडणाऱ्या लांब पट्ट्यावर, बसली होती. शिट्टी वाजली की आठही जणी उठायच्या, तीन पावलं टाकायच्या, परत येऊन बसायच्या. अर्धा तास हेच चाललेलं. पळापळ नाही, कुणी कुणाला शिवत नाही, आरडाओरडा नाही. शेवटी त्यांना राहवलं नाही. "सर, पोरगी मघापासनं नुसती उठबस करतीया. खेळायला कवा देणार?" सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "बसायलाच बोलवलंय, पावणं." दोघंही हसले आणि सर पुन्हा पोरींकडे वळले. वडिलांचा प्रश्न मात्र चेहऱ्यावर तसाच राहिला. मलाही तो नंतर बरेच दिवस छळत राहिला, कारण तो अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर सवड काढूनच द्यायला हवं.

खो-खोत आक्रमण करणाऱ्या नऊजणांपैकी आठजण कायम बसलेले असतात. बघणाऱ्याची नजर पळणाऱ्यावर असते, त्याच्या मागच्यावर असते, सूर मारणाऱ्यावर असते. बसलेले दिसतच नाहीत. पण गडी बाद होतो तो बहुतेक वेळा बसलेला किती लवकर उठला यावरच. 9 मिनिटांच्या आक्रमणात शेकड्यानं खो पडतात, आणि प्रत्येक खोला पाव सेकंद सांडला तर त्या सांडलेल्या वेळात पळणारा आरामात एक फेरी काढतो. उन्हाळी सराव घेणारे सर एवढी एकच गळती बुजवण्यासाठी सगळी सुट्टी मैदानावर घालवतात.

त्यांचं काम मुलं यायच्या आधी सुरू होतं. कृष्णाकाठची जमीन काळी, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि बोट जाईल एवढी भेगही घोटा मुरगळायला पुरते. म्हणून आधी चाळलेल्या मातीनं भेगा बुजवायच्या, वर बारीक मुरमाचा पातळ थर द्यायचा, संध्याकाळी पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी वाफसा आला की रोलर फिरवायचा. पाणी जास्त झालं तर रोलरला चिखल चिकटून जमिनीचे पापुद्रे निघतात. कमी झालं तर वरवर चकाकी येते आणि दुसऱ्याच दिवशी धूळ उडायला लागते. मूठभर माती दाबून पाहायची. गोळा व्हायला हवा, तळहाताला चिकटायला नको. मग सगळ्या तुकडीनं उकिडवं बसून, खांद्याला खांदा लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडे वेचत सरकायचं. हे सफाईचं काम आहे असं मुलांना वाटतं. सरांच्या दृष्टीनं तो बैठकीचा पहिला व्यायाम असतो, आणि कोण किती वेळ न डगमगता उकिडवं राहतं हे ते तेव्हाच बघून ठेवतात.

आखणीला सुतळी, खुंट्या, टेप आणि फक्की, म्हणजे रेषा मारायची पांढरी भुकटी. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. काटकोन डोळ्यांच्या भरवशावर सोडायचा नाही. कोपऱ्यापासून एका बाजूवर 3 मीटर, दुसऱ्या बाजूवर 4 मीटर मोजायचं आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं माप बरोबर 5 मीटर भरेपर्यंत सुतळी हलवत राहायचं. चारी कोपरे बसले की दोन्ही कर्ण मोजायचे. 31 मीटर 38 सेंटिमीटर यायला हवेत आणि दोन्ही सारखे हवेत. वितभर फरक निघाला तर सगळं पुसून पहिल्यापासून. गणिताच्या तासाला पायथागोरसच्या नावानं कंटाळलेली मुलं इथं टेपचं टोक धरून श्वास रोखून उभी असतात. दोन खांबांमध्ये 24 मीटर अंतर, त्यांच्या मागे दोन्हीकडे दीड-दीड मीटरचा मोकळा पट्टा, आणि मधल्या पाटीला छेदणाऱ्या, लागून असलेल्या दोन आडव्या पाट्यांमध्ये 2 मीटर 30 सेंटिमीटर. हे शेवटचं माप फार महत्त्वाचं. उठल्यावर पुढच्या बसलेल्यापर्यंत पोचायला किती पावलं लागतात, हे मुलांच्या पायांत सरावानं भिनतं. घरच्या मैदानावर हे अंतर चुकीचं आखलं असेल तर पाय चुकीचं शिकतात, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत प्रत्येक खो अर्धं पाऊल आधी किंवा नंतर पडतो. सर शिट्टी फुंकून थकतात, पण दोष सुतळीचा असतो.

खांब जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटिमीटर, जाडी 9 ते 10 सेंटिमीटर, अंगाला गुळगुळीत. निदान दोन फूट खोल पुरायचा, भोवती विटांचे तुकडे आणि मुरूम थराथरानं घालून पहारीनं ठोकायचा. एकदम भरलेला खड्डा वरून घट्ट वाटतो, पण आठवडाभर त्याच्यावर मुली वळल्या की खांब हलायला लागतो. हलणाऱ्या खांबावर कुणीही पूर्ण भार टाकत नाही, आणि भार न टाकता वळायची सवय एकदा लागली की ती मोडायला पुढचा उन्हाळा उजाडतो.

आता ती उठबस.

बसण्याचे दोन ढंग आहेत. एकात दोन्ही पाय समांतर, मध्ये वितभर अंतर. दुसऱ्यात एक पाय पुढे, एक मागे, धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीला घेतात तसा पवित्रा. दुसऱ्या ढंगानं सरळ पुढे झेप चांगली बसते, पण मागच्या पायाच्या विरुद्ध बाजूला वळायचं झालं तर अर्धं पाऊल वाया जातं. समांतर बैठकीत झेप किंचित कमी, पण डावं-उजवं सारखंच सोपं. शिकणाऱ्यांना आधी समांतर बैठक द्यावी असं माझं मत आहे. कुठल्या बाजूला जायचंय हे आधी ठरवून बसण्याची खोड तिच्यामुळे लागत नाही. दोन्हींत काही गोष्टी सारख्या. टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, दोन्ही हात पुढे जमिनीला टेकलेले, पाठ किंचित पुढे झुकलेली, मान मोकळी. टाच टेकली की उठताना शरीर आधी वर जातं आणि मग पुढे. सगळ्या उन्हाळ्यात सरांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघणारं वाक्य म्हणूनच "टाच टेकवू नको" हे असतं. काही सर बसलेलीच्या टाचेखाली खडूचा तुकडा ठेवतात. पाळी संपल्यावर तुकडा मोडलेला निघाला की बोलायची गरजच उरत नाही.

चवड्यांवर असं बसणं मिनिटभरात मांड्या थरथरवतं. म्हणून पहिल्या आठवड्यात 20 ते 30 सेकंद बसायचं, शिट्टीला उठून तीन पावलं टाकायची, चालत परत यायचं. असं 10 वेळा, मग विश्रांती, मग पुन्हा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हा वेळ दीड मिनिटावर न्यायचा. ती तीन पावलंही नीट बघायची असतात. पहिलं आखूड, अंग खालीच ठेवून. दुसऱ्याला खांदा वळून दिशा पक्की होते. तिसऱ्याला अंग सरळ व्हायला लागतं. पहिलंच पाऊल लांब टाकलं तर पाय पुढे पडतो आणि शरीर मागे राहतं. एकदा खांद्यानं दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही, मधली पाटीही ओलांडता येत नाही, त्यामुळे घाईत चुकीकडे वळलेल्या खांद्याची भरपाई पुढच्या खोनंच करावी लागते. हे सगळं पळापळीच्या धुंदीत शिकवता येत नाही. त्यासाठी कुणीही पळत नसलेलं मैदान लागतं, सकाळचे सहा लागतात, आणि तेच तेच बघूनही न कंटाळणारा माणूस लागतो.

नंतर येतो खो देण्याचा सराव. मागून द्यायचा, तळहात पाठीवर सपाट पडला पाहिजे, ढकलायचं नाही, स्पर्श आणि आवाज एकाच क्षणी. देणाऱ्याचा पाय बसलेलीची पाटी ओलांडून गेला की तो खो चुकीचा. बसलेलीनं तो मिळायच्या आधी जागा सोडली तरी चुकीचं. फाऊल झाला की पंच शिट्टी मारतात, उलट्या दिशेला जावं लागतं, आणि हातातोंडाशी आलेला गडी सुटतो. आधी उठण्याची चूक हुशार मुलांकडूनच जास्त होते. त्यांना पुढचं दिसलेलं असतं. यावर आपल्याकडच्या जुन्या सरांचा एक नामी उपाय आहे. सर स्वतः पाट्यांमागून फिरतात. कुणाच्या पाठीला नुसता हात लावतात आणि बोलत नाहीत. कुणाच्या मागे नुसतं "खो" ओरडतात आणि हात लावत नाहीत. कुणाला हात लावून भलताच शब्द ओरडतात. यांतल्या कशालाही हलायचं नाही. दोन्ही एकत्र मिळालं तरच सुटायचं. पहिल्या दिवशी निम्म्या मुली फसतात, खिदळतात. दहा-बारा दिवसांत पाठीचं आणि कानाचं असं काही जमून जातं की सरांनाच त्यांना फसवायला नव्या युक्त्या शोधाव्या लागतात.

खांबावरचा सूर मुलांना सर्वांत आवडतो आणि सरांना त्याचीच सर्वांत जास्त धास्ती असते. तो पायरीपायरीनंच द्यायचा. आधी खांबाजवळ गुडघ्यांवर बसून एका हातानं खांब धरायचा आणि दुसरा हात लांब पसरत पोटावर उतरायचं. मग उभं राहून, मग एक पाऊल घेऊन, आणि हे अंगवळणी पडल्यावरच धावत. पकड साधारण कमरेच्या उंचीवर. वर धरलं तर अंग बाहेर फेकलं जातं आणि खांद्याला हिसका बसतो. हनुवटी वर, उतरणं मांड्यांच्या पुढच्या भागावर आणि पोटावर, गुडघ्यांवर कधीच नाही. सुरुवात ओल्या वाळूत करावी. नदीकाठच्या गावांना वाळूचा ढीग एकेकाळी सहज मिळायचा, आता तो मिळवणंच अवघड झालंय, आणि भुसभुशीत केलेल्या मुरमावर भागवावं लागतं. मग कोपर, कमरेचं हाड, मांडी सोलवटते. जखम आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची, माती पूर्ण निघाल्याशिवाय वर काहीही लावायचं नाही. मातीवरच हळद चेपली की आत पू धरतो, आणि सांगलीत हळदीला तोटा नसल्यानं हे फार वेळा होतं.

संरक्षणाचा सराव संध्याकाळी. साखळीनं पळणं म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी जात राहणं. उसाला पाणी पाजणारा गडी एक दारं मोडून दुसरं धरतो आणि पाणी आपल्याला हव्या त्याच सरीत नेतो, तसा चांगला पळणारा आक्रमकाला वळवत नेतो. तोंड विरुद्ध बाजूला असलेल्यालाच खो देण्याची पाळी समोरच्यावर आली पाहिजे, हे त्याचं गणित. त्यासाठी त्यानं बसलेल्या आठजणांची तोंडं सतत ध्यानात ठेवायची असतात. गंमत अशी की सकाळी नीट बसायला शिकलेली मुलगीच संध्याकाळी हे लवकर शिकते. कुणाचा भार टाचेवर आलाय, कोण दमून हात गुडघ्यांवर ठेवून बसलीय, कोण उजवीकडेच झुकलीय, हे तिला पळता पळता दिसतं, कारण स्वतःच्या अंगानं ते सगळं भोगलेलं असतं. चौकटीभोवती गोल फिरून वेळ काढणारी मुलं नुसत्या वेगावर टिकतात. दमली की संपली.

उन्हाबद्दल बोलायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. नऊनंतर मुरूम अनवाणी पायांना चटके द्यायला लागतो, म्हणून सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, एवढीच वेळ शहाणपणाची. मुलं येतात तीच मुळी अर्धा तास सायकल मारून किंवा वडापच्या भरगच्च जीपला लटकत, हे धरून पहिली दहा मिनिटं हलकं धावणं आणि घोटे, गुडघे, कंबर मोकळी करणं. उपाशीपोटी आलेल्याला उभं करायचं नाही. निघताना एखादं केळं किंवा मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा, आणि सराव संपल्यावर भिजवलेले हरभरे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. घामानं गळालेल्यांसाठी एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा पोह्याचा नव्हे, चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नये. कुणाला मळमळलं, अंगावर काटा आला, बोलणं अडखळलं, तर लगेच सावलीत आडवं करायचं, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवायची. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आणि इथंच जुन्या सरांच्या आठवणींना एक बोच आहे. सरावाच्या मध्ये पाणी प्यायलं की पोटात दुखतं, दम लागतो, असं एका पिढीच्या मास्तरांनी ठाम धरलं होतं. तहानेनं ओठ सुकलेली पोरं नळाकडे बघत पळायची. उशिरा येणाऱ्याला मैदानाभोवती बेडूकउड्यांची शिक्षा असायची, आणि त्या उड्यांनी वाढीच्या वयातले गुडघे कायमचे कुरकुरायला लागले, हे पुढे त्यांच्यातल्याच काहींना कळलं. त्या माणसांचं प्रेम खोटं नव्हतं. स्वतःच्या पगारातून फक्की आणणारे, कुणाची परीक्षा फी गुपचूप भरणारे, पोरगी मैदानावर का येत नाही हे विचारायला तिच्या वस्तीवर सायकलनं जाणारे हेच लोक. पण प्रेम होतं म्हणून ती तहान बरोबर ठरत नाही. आज त्यांचेच शिष्य शिट्टी धरून उभे आहेत, आणि पाण्याचा माठ मैदानाच्या कडेला आणून ठेवणं ही त्यांनी आपल्या गुरूंच्या शिकवणीत केलेली सर्वांत मोलाची दुरुस्ती आहे.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. नववी-दहावीत गेल्या की उन्हाळ्यात त्या कमी होतात. मामाच्या गावाला जाणं, घरातलं लग्न, बेदाण्याच्या शेडवरचं काम, दहावीचे सुट्टीतले जादा तास, आणि काही घरांत "आता मोठी झालीस". चांगले सर यासाठी आखणीतच जागा ठेवतात. सराव अंधार पडायच्या आत संपवायचा, शेवटची मुलगी वडापमध्ये बसल्याशिवाय मैदान सोडायचं नाही, सोबत एखादी मॅडम किंवा जुनी खेळाडू असलीच पाहिजे. बांगड्या, कानातलं, टोकदार पिना काढून ठेवायच्या, वेणी वर घट्ट बांधायची. पाळीच्या दिवसांत येऊ नको असं म्हणायचं नाही, आणि आलीस तर सूर मारलाच पाहिजे असंही नाही. हे शेवटचं बोलायला आपल्याकडच्या मैदानांना फार वर्षं लागली. जिथं ते मोकळेपणानं बोललं जातं तिथं मुली टिकतात, हे डोळ्यांनी दिसतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालच्या आपल्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. त्या उन्हाळ्यात मैदानांवर नवी गर्दी दिसली. छान वाटलं. त्याआधी 2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो खोनं मॅटवरचा वेगवान खेळ आणि कुठल्याही दिशेला वळू शकणारा 'वजीर' घरोघरी टीव्हीवर नेला होता. मुलं आता येतात तीच मुळी "मॅट कधी टाकणार?" असं विचारत. मॅटची भीड बाळगायचं कारण नाही. तिथं खडा नाही, भेग नाही, उसळी एकसारखी मिळते. पण बूट लागतात, सूर मारताना कातडीला चटका बसतो, आणि मातीवर घसरत थांबायची सवय असलेला पाय मॅटवर जागीच अडकतो, गुडघ्याला पीळ बसतो. मॅटवर जाण्याआधी आखूड पावलांनी थांबण्याचा वेगळा सराव द्यावाच लागतो. बैठक मात्र दोन्हीकडे तीच. मॅटमुळे बसलेल्या आठजणांपैकी एकाचीही टाच आपोआप उचलली जात नाही.

मेच्या उत्तरार्धात वळीव येतो. तासाभरात मैदानाचं तळं होतं, आणि मुलांना त्यात नाचायचं असतं. इथं सर कठोर होतात आणि ते व्हायलाच हवं. ओल्या काळ्या मातीत उमटलेली पावलं दोन दिवसांनी दगडासारखी वाळतात आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक खळगा घोटे शोधत बसतो. पाणी चर काढून वाहू द्यायचं, वाफशापर्यंत कुणीही आत जायचं नाही. तोवर व्हरांड्यात बसून वहीचं काम. प्रत्येक सरांकडे अशी एक वही असते. कोण किती सेकंद नाबाद राहिलं, कुणाचे किती फाऊल झाले, कोण किती खोंमध्ये किती उशिरा उठलं. काही सर मुलांनाच घड्याळ देऊन एकमेकांच्या नोंदी करायला लावतात. कालच्या आपल्या आकड्याशेजारी आजचा आकडा लिहिताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

त्या वहीवरून जूनच्या सुरुवातीला बारा नावं निघतात. नऊ खेळणारे, तीन राखीव. या निवडीवरून गावात रुसवेफुगवे होतात, कारण सगळ्यांना सुसाट पळणारी पोरं लक्षात राहिलेली असतात आणि सर भलत्याच एखाद्या शांत मुलीचं नाव घेतात. कुणी विचारलं तर ते फार बोलत नाहीत, वहीतलं पान उघडून पुढे करतात. मग शाळा उघडते, मैदानावर पुन्हा प्रार्थनेच्या रांगा लागतात, म्हणून खांब उपटून ठेवावे लागतात. ते धुऊन, पुसून, तेलाचा हात मारून खोलीत आडवे ठेवायचे, भिंतीला टेकवून उभे ठेवले तर पावसाळ्यात वाकतात. खड्डे मात्र मुरमानं बुजवू नयेत. पोत्यांत वाळू भरून ती पोती खड्ड्यांत घट्ट बसवावीत आणि वर चार बोटं माती ओढावी, म्हणजे कुणाचा पाय जात नाही, आणि पुढच्या एप्रिलला पोती उचलली की खांब त्याच जागी, त्याच मापात उभे राहतात.